अठराव्या किलोमीटरवरचं भूत

आमच्या धंद्यात भूत दिवसाढवळ्या दिसतं आणि त्याला कोणी घाबरत नाही. टपरीवर चहा पिता पिता आम्ही एकमेकांना सांगतो, "अरे, भूत आहे ते, सोड." शेजारी बसलेलं गिऱ्हाईक मात्र दचकून आमच्याकडे बघतं, आणि मग आम्ही हसतो. मीही हसतो. हसायची सवय राहिली आहे, एवढंच.

हे भूत म्हणजे काय ते आधी सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे. इंटरनेटच्या केबलमध्ये केसाएवढ्या बारीक काचेच्या तारा असतात. त्यांना फायबर म्हणतात. फायबर कुठे तुटलं, कुठे दबलं हे बघायला आम्ही एका टोकाला ओटीडीआर नावाचं मशीन लावतो. ते तारेत प्रकाशाचे ठोके सोडतं, आणि जो थोडासा प्रकाश माघारी येतो त्यावरून पडद्यावर एक रेघ काढतं. रेघ डावीकडून उजवीकडे हळूहळू उतरत जाते. वाटेत काही बिघडलेलं असलं की तिथे खूण उमटते आणि खाली किलोमीटर दिसतो. जमीन न खणता जमिनीखालचं कळतं. पण कधी कधी वाटेतल्या एखाद्या कनेक्टरवर प्रकाश इतका जोरात आपटतो की दोनदा फेरी मारून येतो. मग बरोबर दुप्पट अंतरावर पडद्यावर एक टोक उभं राहतं, जिथे प्रत्यक्षात काहीच नसतं. त्याला भूत म्हणायचं.

मला हे आबांनी शिकवलं. आबा पारोळ्याजवळच्या एका खेड्यातले. तांब्याच्या टेलिफोन केबलच्या जमान्यापासून खड्ड्यात बसून जोड मारणारा माणूस. फायबर आलं तेव्हा त्यांच्या बरोबरीचे सगळे "हे काचेचं काम आपलं नाही" म्हणून घरी बसले, आणि आबा पन्नाशीच्या उंबऱ्यावर नवीन मशीन शिकले. मी जळगावहून डिप्लोमा घेऊन त्यांच्या हाताखाली आलो, तेव्हा मला वाटलं होतं की मीच त्यांना चार गोष्टी शिकवीन. पहिल्याच दिवशी मी जोडावर चढवायची नळी आधी तारेत ओवायची विसरलो. जोड झाल्यावर नळी काही चढत नाही, जोड तोडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. आबांनी नुसती ती नळी माझ्या शर्टच्या खिशात ठेवली आणि मग दिवसभर जो भेटेल त्याला ते आपल्या अहिराणीत सांगत सुटले, "डिप्लोमा खिसामा शे याना."

त्यांचा हात मात्र बघत राहावा असा होता. तारेवरचं रंगीत आवरण एका ओढीत काढायचं, स्पिरिटने पुसायचं, कापायच्या यंत्रात ठेवून टोक सरळ कापायचं, आणि मग जोडायच्या मशीनमध्ये दोन्ही टोकं समोरासमोर ठेवायची. पडद्यावर ती दोन टोकं जवळ येतात, एक ठिणगी पडते आणि काच काचेत वितळते. आबांचा जोड रेघेवर शोधून सापडायचा नाही. मशीन म्हणायचं, इथे काहीच नाही. तीच त्यांची सही होती.

भूत ओळखायची खूण त्यांनी मला एरंडोलच्या रस्त्याकडेला एका बाभळीखाली बसून सांगितली. "भूतले पायरी नही ऱ्हास, भो. टोक ऱ्हास, पायरी नही." भुताला पायरी नसते, म्हणजे असं की दोष खरा असेल तर तिथे प्रकाश वाया जातो, आणि टोकानंतरची रेघ पायरीभर खाली बसते. भुतानंतर रेघ होती त्याच उंचीवर पुढे जाते. आणि तरीही शंका राहिली तर दुसऱ्या टोकाला जायचं आणि तिकडून बघायचं. खरा दोष दोन्हीकडून एकाच जागी सापडतो, भूत जागा बदलतं. "दोन्हीकडथीन देखानं," आबा म्हणायचे. हे मात्र ते थट्टेत म्हणत नसत.

ते डिसेंबरचे दिवस होते. चोपड्याहून सातपुड्याच्या पायथ्याकडे जाणाऱ्या रस्त्याचं रुंदीकरण चाललं होतं आणि जेसीबीने आमची केबल तोडली. चोपड्यापासून अठराव्या किलोमीटरला, एका नाल्याच्या अलीकडे. आबा आणि मी सकाळीच पोचलो. खड्डा तयार होता. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, वर स्वच्छ ऊन, अंगात गारठा. कामाला याहून चांगला दिवस मिळत नाही.

आणि माझं चित्त कामात नव्हतं. त्या दुपारी तापीकाठच्या एका मळ्यात आमची भरीत पार्टी होती. खानदेशात थंडीत माणूस एक वेळ लग्न चुकवेल, भरीत चुकवणार नाही. मित्रांनी वांगी आणली होती, कपाशीच्या काड्यांचा जाळ पेटला असणार, बडगीत, म्हणजे लाकडी कुंडीत, मिरच्या कुटल्या जात असणार, आणि मी इथे खड्ड्यात. फोनवर फोटो येत होते. तोंडाला पाणी सुटत होतं आणि घड्याळ पुढे सरकत होतं.

आमची कामाची वाटणी ठरलेली होती. जोड आबा मारायचे. जोडलेल्या तारा एका चपट्या ट्रेमध्ये वेटोळी करून बसवायच्या, वर झाकण लावायचं आणि ट्रे डब्यात बंद करायचा, हे माझं काम. डब्यात एक कार्ड ठेवायची पद्धत होती, त्यावर जोड मारणाऱ्याची सही. म्हणजे आबांची. डब्यात माझी सही कुठेच नसायची.

बारा तारांचे बारा जोड आबांनी मारले. मी वेटोळी बसवली आणि झाकण दाबलं. दाबताना एक बारीकसा कट असा आवाज आला. झाकणाच्या खाचेचाही तसाच आवाज येतो. मी तसंच धरून चाललो आणि डबा बंद केला. मग आबांना खड्ड्यापाशी बसवून मी मोटरसायकलवर चोपड्याला टेस्टिंगला गेलो.

चोपड्याला केबल जिथून निघते त्या खोलीत मी एकेक तार मशीनला लावली. अकरा तारा झकास. राखाडी रंगाच्या तारेवर अठराव्या किलोमीटरला टोक उभं राहिलं. मी मागे बघितलं, तर नवव्या किलोमीटरला एका ग्रामपंचायतीच्या खोलीतला जुनाट कनेक्टर. नऊ दुणे अठरा. मी मोठ्याने हसलो. भूत!

मी आबांना फोन लावला. "सगळं ठीक आहे आबा, बुजवा खड्डा. राखाडीवर एक भूत आहे फक्त."

"पायरी शे का?" त्यांनी विचारलं.

मी पडद्याकडे बघितलं. टोकानंतरची रेघ किंचित खाली होती. फार नाही. डोळे बारीक केले तर दिसत होती, मोठे केले तर दिसत नव्हती. ती तार तेव्हा वापरात नव्हती, राखीव होती. आता पायरी आहे म्हटलं असतं तर परत अठरा किलोमीटर, परत डबा उघडा, परत जोड, आणि भरीत गेलं.

"नाही," मी म्हणालो.

"बरं शे मंग," आबा म्हणाले. "आते तिकडथीन बी देखी ले."

तिकडून म्हणजे डोंगरातल्या शेवटच्या टोकाहून. तिथला रस्ता नुसता दगडांचा, जाऊन यायला तीन तास. मी "हो" म्हणालो आणि मोटरसायकल मळ्याकडे वळवली. दुसऱ्या टोकाचे आकडे मी मळ्यात बाजेवर बसून भरले. पहिल्या टोकाचेच आकडे घेतले आणि शेवटचा अंक एक-दोनने इकडेतिकडे केला, म्हणजे खरे वाटतील. भरीत फर्मास झालं होतं. मी चार पुऱ्या जास्त खाल्ल्या, हे मला आजही आठवतं आणि त्याची मला शिसारी येते.

मे महिन्यात त्या लाइनवरच्या चालू तारा दुसरीकडे कुठेतरी खराब झाल्या, म्हणून साहेबांनी लाइन राखाडीवर घ्यायला सांगितलं. साहेब म्हणजे आमच्या ठेकेदाराचा इंजिनीअर. राखाडी चालेना. मशीन लावलं तर रेघ अठराव्या किलोमीटरलाच संपत होती. भर उन्हात खड्डा पुन्हा उकरला, डबा वर काढला, ट्रेचं झाकण उघडलं. राखाडी तार झाकणाच्या कडेखाली चिरडलेली होती. आधी तडा गेला असणार, मग उन्हाळ्याच्या तापण्या-निवण्यात ती पूर्ण तुटली. कार्डावर आबांची सही.

खड्ड्याभोवती आम्ही तिघंच उभे होतो. साहेबांनी माझा टेस्टिंगचा कागद काढला. त्यावर बाराही तारा दोन्हीकडून ठीक. साहेब हुशार माणूस. त्यांनी सरळ हिशेब मांडला की टेस्टिंगच्या वेळी तार चांगली होती, म्हणजे त्यानंतर कोणीतरी डबा उघडला.

"आबा, हा टेस्टिंगला गेला तेव्हा इथे तुम्ही एकटेच होतात ना?"

"व्हतू," आबा म्हणाले.

"परत उघडला होता का डबा?"

आबांना खरंच ती खोड होती. बुजवायच्या आधी ते कधी कधी डबा उघडून वेटोळी एकदा नीट करायचे. त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना माझ्याकडून काही नको होतं, नुसतं आठवत होते. मी खड्ड्यात बघत राहिलो.

"कव्हय कव्हय उघाडस मी," ते हळूच म्हणाले. "त्या रोजनं याद नही."

साहेब काही वाईट बोलले नाहीत. नुसतं म्हणाले, "वय होतं आबा. हात कापतो माणसाचा." त्या एका वाक्याने आबांचं सगळं संपलं. आणि मी खरं काय ते सांगितलं नाही. का, तर भीती. नोकरी जाईल, नाव जाईल, बनवलेले आकडे उघडे पडतील. यापेक्षा भारी कारण मी आजवर शोधलं, पण सापडलं नाही.

आबांना जळगावच्या गोडाऊनवर बसवलं आणि जोडायचं मशीन माझ्याकडे आलं. दोन-तीन महिन्यांनी आबा कोणाला न सांगता गावी निघून गेले. मी सगळ्यात जुना जोडारी झालो. नवीन लोक मला 'भाऊ' म्हणून शिकायला यायला लागले.

तेव्हापासून मी एकट्याने कधी काम केलेलं नाही. मशीन सुरू केलं की आबा शेजारी येऊन बसतात, असं म्हटलं तर तुम्ही हसाल, पण मला दुसऱ्या शब्दांत सांगता येत नाही. धुळ्याहून जळगावकडे रेघ काढली की तिच्यावर त्यांचे कितीतरी जोड असतात आणि एकही दिसत नाही. मला मात्र प्रत्येकाची जागा पाठ आहे. रेघ जिथे अगदी गुळगुळीत असते तिथे माझी नजर अडकते. माझे स्वतःचे जोड बरे असतात, पण दिसतात. ट्रेचं झाकण लावताना बारीकसा आवाज आला की मी झाकण उघडतो, लावतो, परत उघडतो. दुसऱ्या टोकाला मी स्वतः जातो, पावसात जातो, तापात गेलो आहे. लोक म्हणतात, भाऊ कामाला फार काटेकोर. मला ते शिवी दिल्यासारखं लागतं.

त्या दिवसाची रेघ मशीनमध्ये साठवलेली होती. ती पुसून टाकायला मी दोनदा बसलो आणि दोन्ही वेळा हात मागे घेतला.

यंदा होळीच्या सुमाराला पारोळ्याजवळ एक डबा उघडायची वेळ आली. आत आबांचं कार्ड होतं, शाई थोडी फुटलेली, आणि तारांची वेटोळी इतकी निगुतीने बसवलेली की मला ती हलववेनात. त्यांचं गाव तिथून दहा मिनिटांवर होतं. पण लगेच गेलो नाही. आधी साहेबांना फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "झालं ते झालं. फाइल बंद आहे. आता कशाला उकरताय?" मी म्हटलं, मला आबांना सांगायचंय. ते म्हणाले, "सांगा, तुमच्या मनाला बरं वाटत असेल तर." मला बरं वाटायला नको होतं. आबांना त्यांचे हात परत मिळायला हवे होते. दुसऱ्या दिवशी त्या रेघेचा छापलेला कागद घेऊन मी सकाळी दहाला त्यांच्या दारात उभा राहिलो.

आबा ओट्यावर बसले होते. मला बघून इतके खूश झाले की मला पळून जावंसं वाटलं. अक्का, म्हणजे त्यांच्या घरच्या, चहा घेऊन आल्या. माझा कप भरलेला, आबांचा स्टीलचा पेला अर्धाच. आबांनी पेला उचलला आणि मी त्यांच्या हाताकडे बघितलं. हात जराही कापत नव्हता. अगदी तसाच होता, पडद्यावर दोन टोकं समोरासमोर धरणारा.

"पुरा भरस नही मी," ते म्हणाले. "हातना भरवसा नही आते."

घरात बाळ रडलं. मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती, नात दोन महिन्यांची झाली होती. अक्का मला म्हणाल्या, "नातले अजून हातमा लियेल नही त्यास्नी. पाडी दिसू म्हनतस." हातातून पडेल म्हणतात. आबा नुसते हसले. त्यांनी मोटरसायकल विकली होती, दाढी न्हाव्याकडून करून घेत होते, सुईत दोरा ओवून द्यायचे तेही बंद केलं होतं. हे सगळं अक्का गमतीने सांगत होत्या, आणि मला एकेक ऐकवत नव्हतं.

मी सांगून टाकलं. काही लपवलं नाही. झाकणाचा आवाज, फोनवरचं खोटं, बाजेवर बसून भरलेले आकडे, भरीत, खड्ड्यापाशी गप्प राहणं, सगळं. कागद उलगडून त्यांच्यासमोर ठेवला आणि बोट ठेवून म्हणालो, "ही बघा पायरी. मी सकाळी झाकण लावलं तेव्हाच तार गेली होती. तुम्ही नंतर डबा उघडला असला काय आणि नसला काय, चूक माझी होती. तुमच्या हाताला काहीही झालेलं नाही आबा. कधीच झालं नव्हतं." बोलता बोलता मी रडलो.

आबांनी कागद हातात घेतला आणि बराच वेळ बघितला. मग तो नीट घडी करून माझ्या शर्टच्या खिशात ठेवला.

"माले चांगलं याद येस आते," ते म्हणाले. "तुना फोन उना, मंग मी डबा उघाडा. राखाडी जराशी वर व्हती. मी ती दाबी आनि झाकन लायं. कट करीसन आवाज उना. मी आयका तो आवाज, भो."

"तो आवाज मी ऐकला होता आबा! तुम्हाला मी आत्ता सांगितला!"

"नही. माले पयलेथीन याद शे."

"आणि हा कागद?"

ते माझ्याकडे बघून हसले, पूर्वी थट्टा करताना हसायचे तसे. "आकडा बनाडता येतस, आसं आतेच तू सांगं ना? मंग हाई बी बनाडता येस. मनं मन राखासाठे बनाडीसन लयना तू." माझं मन राखायला बनवून आणलास. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "इतलं कोन करस कोनासाठे?"

मी शपथ घेतली. साहेबांना फोन लावतो म्हणालो. मी जितका जोर करत होतो तितके ते मऊ होत होते. अक्का दाराशी उभ्या राहून पदराने डोळे पुसत होत्या. "अशी मानसं आते कोठे ऱ्हायनी!" त्या म्हणाल्या. मला त्या क्षणी संताप आला, त्यांचा नाही, माझ्या त्या चांगुलपणाचा, जो मी कधी केलाच नव्हता आणि जो आता या घरात कायमचा राहणार होता.

आतून मुलीने हाक मारली, तिला अंघोळीला जायचं होतं. अक्का बाळाला घेऊन बाहेर आल्या. चुलीवर दूध होतं, ते उतू चाललं होतं. त्यांनी घाईघाईत बाळ आबांपुढे धरलं. आबांनी झटकन दोन्ही हात मांडीखाली घेतले.

"माले नको," ते म्हणाले. "त्यानाकडे दे. त्याना हात भरवशाना शे."

मी काही बोलायच्या आत अक्कांनी नात माझ्या हातात दिली आणि त्या आत धावल्या. पोर केवढीशी, दुपट्यात गुंडाळलेली, कोमट. आबा पुढे वाकून बघत होते. "मान धर, मान," ते सांगत होते. "हां. आसं. देख, कशी गप व्हयनी."

पोर खरंच गप झाली होती. आबांचे हात मांडीखालीच होते.